पोलिसांची नोटीस आली, आता काय करायचं? सीमाभागात आंदोलनात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांना काही तारखा पाठ असतात. 17 जानेवारीचा हुतात्मा दिन, 1 जूनला 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस आणि सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हाचा महामेळावा. या तारखा जवळ आल्या की घरोघरी पोलीस येतात. कुणाला नोटीस मिळते, कुणाकडून बाँड (शांतता राखू असं रकमेचं लेखी हमीपत्र) मागतात, कुणाला आदल्या रात्री उचलतात. डिसेंबर 2022 मध्ये महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, जमावबंदी लागली आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या) कार्यकर्त्यांना ताब्यात घेतलं. आता यात भाषेचाच विषय राहिलेला नाही. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडसाठी होणाऱ्या भूसंपादनामुळे कधी मोर्चाला न गेलेले शेतकरीही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढले.

प्रशासन म्हणतं, कायदा आणि सुव्यवस्थेसाठी हे करावं लागतं. आंदोलक म्हणतात, आमचा आवाज दाबायला अधिकाराचा गैरवापर होतोय. माझं मत आंदोलकांच्या बाजूचं आहे, ते लपवत नाही. पण हा लेख मत पटवायला लिहिलेला नाही. मी या सगळ्यातून गेलोय. आमच्या गल्लीतली विशी-बाविशीची मुलं आणि साठीतले शेतकरी सारखेच गोंधळतात, घाबरून कुठल्याही कागदावर सही करतात आणि पुढे वर्षभर त्या सहीला बांधले जातात, हे मी बघितलंय. म्हणून क्रमाने सांगतो. एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवा: त्यांचं तोंडी काही मानू नका आणि आपलं तोंडी काही देऊ नका. जे व्हायचं ते कागदावर होऊ द्या.

1. नोटीस यायच्या आधीच फाईल करा

एक साधी फाईल घ्या. त्यात आधार आणि मतदार ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पूर्वीची कुठलीही नोटीस, समन्स किंवा एफआयआर असेल तर त्याची प्रत ठेवा. वकिलाचा आणि घरच्या दोघांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण ताब्यात घेतल्यावर मोबाईल हातात राहीलच असं नाही. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठीही त्यातच.

जामीनदार आधी बोलून ठेवा. त्याचा शेताचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) किंवा घरपट्टीची पावती आणि ओळखपत्र लागतं. चंदगड-कोल्हापूरकडचे पाहुणे प्रेमाने तयार होतात, पण त्यांच्या सातबाराची पडताळणी रखडते. जामीनदार आपल्याच तालुक्यातला बघा.

फाईल कुठे आहे ते घरातल्या बाईमाणसाला माहीत पाहिजे. उचलून नेतात तेव्हा धावपळ आईला, वहिनीलाच करावी लागते.

2. तोंडी बोलावणं आलं तर

बहुतेक वेळा सुरुवात अशी होते: "काका, साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांत परत या." गावातलाच ओळखीचा हवालदार असतो, नाही म्हणवत नाही. त्याच्याशी नीट बोला, पण लेखी नोटीस मागा. कशासाठी बोलावलंय, कुठल्या कलमाखाली, कोणासमोर, हे तिच्यात यायला हवं.

15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरचे लोक, स्त्रिया आणि अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 हे सांगतं. आमच्याकडे आईला-आजीला ठाण्यात बसवून मुलाची चौकशी केल्याच्या तक्रारी होतात. तसं झालं तर हे कलम नाव घेऊन सांगा.

ठाण्यात गेलातच तर एकटे जाऊ नका. कधी आत गेलात आणि कधी बाहेर आलात ते लिहून ठेवा.

3. नोटिशीतलं कलम ओळखा

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आपल्याकडचे जुने कार्यकर्ते अजून 107, 144, 151 असंच बोलतात, नोटिशीवर मात्र नवे आकडे असतात. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे:

- कलम 126 (जुनं 107): शांतता भंग कराल अशी भीती आहे म्हणून बाँड का घेऊ नये, याची विचारणा.
- कलम 129 (जुनं 110): सराईत गुन्हेगार समजून चांगल्या वर्तनाचा बाँड. हे आलं तर त्याच दिवशी वकील गाठा.
- कलम 163 (जुनं 144): जमावबंदीचा आदेश.
- कलम 170 (जुनं 151): दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अटक.
- कलम 35(3) (जुनं 41-अ): गुन्हा दाखल आहे, चौकशीला हजर राहा.

पहिली चार कलमं प्रतिबंधात्मक आहेत. 126 ची नोटीस आली म्हणजे तुमच्यावर गुन्हा सिद्ध झाला असं नाही, गुन्हा दाखल झाला असंही नाही. नोकरी जाईल, पासपोर्ट मिळणार नाही, या भीतीने घरातली माणसं रात्रभर जागतात, त्यांना हे आधी समजावा. 35(3) ची नोटीस मात्र खऱ्या गुन्ह्याची असते. ती टाळू नका. वेळेवर हजर राहिलात तर अटक करायला पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि वय 60 च्या वर असेल तर डीवायएसपीपेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

नोटीस कन्नडमध्ये येते. वाचता येत नसेल तर घेताना सहीच्या वर मराठीत लिहा: "मजकूर कन्नडमध्ये आहे, मला समजलेला नाही, फक्त प्रत मिळाली", आणि खाली तारीख, वेळ. हे लिहू नका असं कोणी सांगितलं तरी शांतपणे लिहा. अटकेची कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत कळवली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलंय. आपल्यासाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. वकिलाला आवर्जून त्याची आठवण करून द्या.

4. बाँडची सुनावणी

बेळगाव शहरात 2014 पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरातली 126 ची प्रकरणं पोलीस उपायुक्तांसमोर चालतात. पोलीसच अहवाल देणार आणि पोलीस अधिकारीच दंडाधिकारी म्हणून बसणार, याबद्दल आंदोलकांचा आक्षेप जुना आहे आणि मला तो रास्त वाटतो. खानापूर, निपाणीसारख्या ग्रामीण भागात ही प्रकरणं तालुका दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांसमोर येतात.

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. दाराशी लांब रांग असते, आत नाव पुकारतात, समोर छापील फॉर्म येतो, "सही करा, दोन मिनिटांत मोकळे", आणि माणूस सही करतो. तसं करू नका. आधी कलम 130 चा लेखी आदेश मागा. त्यात तुमच्याबद्दल नेमकी काय माहिती मिळाली, बाँड किती रकमेचा, किती काळाचा, जामीनदार किती, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं. समन्सबरोबर या आदेशाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. "समितीचा कार्यकर्ता आहे, गडबड करू शकतो" एवढ्यावर भागत नाही. तुम्ही कधी, कुठे, काय केलं, हे त्यात दिसलं पाहिजे. नसेल तर वकिलाकरवी लेखी उत्तर द्या की आरोप मोघम आहे.

उत्तरात भाषण नको. तुम्ही काय काम करता, तुमच्यावर गुन्हा आहे की नाही, कार्यक्रम शांततेचा होता की नाही, एवढं लिहा. काळ्या दिवसाच्या फेरीत दरवर्षी शांतपणे चालत आलात, तर ते लिहा.

आणखी काही गोष्टी:

126 च्या बाँडची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली पाहिजे. दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं लिहून मुदत वाढवली नाही तर ती चौकशी आपोआप संपते. हे कोणी तुम्हाला सांगणार नाही, तारीख तुम्हीच मोजायची. प्रत्येक तारखेला रोजगार बुडवून जावं लागतं, ही खरी शिक्षा आहे. त्यावर उपाय कायद्यातच आहे. कलम 134 प्रमाणे प्रत्यक्ष हजेरीतून सूट मागा आणि वकिलामार्फत हजर राहा. सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्या आमच्या मुलांना याचा फार उपयोग आहे.

बाँड द्यायचा अंतिम आदेश झाला तर सत्र न्यायालयात अपील करता येतं. आणि एकदा बाँड दिला की ती मुदत जपून काढा. त्या काळात भांडणात नाव आलं तरी रक्कम जप्त होऊ शकते, तुरुंगही होऊ शकतो.

ऐपतीबाहेरची रक्कम मागितली तर गप्प बसू नका. बाँडची रक्कम माणसाची परिस्थिती बघून ठरवायची असते, अवाजवी नसावी, असं कायदाच म्हणतो. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड जोडा.

5. मोर्चाची परवानगी आणि जमावबंदी

परवानगीचा अर्ज लवकर द्या. आदल्या दिवशी दिलेला अर्ज नाकारायला सोपा जातो आणि कोर्टात जायला वेळही उरत नाही. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावं, ध्वनिक्षेपक आहे की नाही, हे लिहा. एक प्रत शिक्का मारून परत घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

अर्ज मराठीत दिला म्हणून परत केला तर घटनेचं कलम 350 दाखवा. गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देता येतं. मी मराठीतच देतो. घाई असेल तेव्हा सोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडतो, कारण तत्त्व राखताना तारीख हुकली तर काम बुडतं.

जमावबंदी लागली तर आदेशाची प्रत मिळवा. आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकतो. तो रद्द करा किंवा बदला, असा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे करता येतो आणि त्यांनी म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. पुढचा रस्ता धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठाकडे जातो. बेळगाव जिल्हा तिथेच येतो, बेंगळूरला जावं लागत नाही. दोन निकाल वकिलाकडे बोला. अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मतं मांडणं दडपायला जमावबंदी वापरता येत नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतात. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांवेळी बेंगळुरात लावलेली जमावबंदी कायद्याला धरून नव्हती, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये ठरवलं. म्हणजे याच राज्यात, याच न्यायालयात सरकारला जाब विचारला गेलाय.

आदेश मोडून गेलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो. जायचं की नाही हा निर्णय तुमचा, पण तो समजून घ्या. लहान मुलांना आणि आजारी माणसांना त्यात ओढू नका.

घोषणांबद्दल एक सांगतो. मागणी सरकारकडे आहे. शेजारच्या कन्नड भाषक कुटुंबाला, त्यांच्या झेंड्याला, त्यांच्या थोर पुरुषांना बोललेला एक शब्दसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या 196 कलमाखाली, दोन समाजांत तेढ वाढवल्याचा अजामीनपात्र गुन्हा होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेला मजकूरही त्यात येतो. बायपासच्या शेतात कन्नड आणि मराठी शेतकरी एकाच बांधावर उभे होते. ही एकी सहज मोडते, जपा.

6. ताब्यात घेतलं तर

धक्काबुक्की करू नका, पळू नका. मोठ्याने आपलं नाव आणि गाव सांगा, म्हणजे बाजूच्या कुणाच्या तरी व्हिडिओत येईल. मग हे विचारा:

मला अटक केलीय की नुसतं ताब्यात घेतलंय? कुठल्या कलमाखाली? मला कारणं लेखी द्या.

अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर घरचा माणूस किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून सही करतो आणि तुमचीही सही घेतात. त्यावरची वेळ तपासा. सकाळी 9 ला उचललं आणि कागदावर दुपारी 4 लिहिलं, तर 24 तासांचा हिशेबच चुकतो. चुकीची वेळ असेल तर खरी वेळ लिहूनच सही करा. घरच्यांना कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. 170 कलमाखाली 24 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यापुढे ठेवायचं तर दुसऱ्या कायदेशीर आधाराने दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादाची परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते.

कोऱ्या कागदावर सही नाही. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतला माणूस, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

7. मारहाण झाली असेल तर पहिले 24 तास

अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी आणि तिच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. डॉक्टर विचारतात तेव्हा पोलीस बाजूलाच उभा असतो. तरीही कुठे लागलं, कशाने लागलं ते सांगा. दंडाधिकाऱ्यांसमोर नेतील तेव्हा पुन्हा सांगा. तिथे गप्प राहिलात तर पुढे "तेव्हा का बोलला नाही" हाच प्रश्न येतो. सुटल्यावर सरळ जिल्हा रुग्णालयात जा, एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामी लागणारी वैद्यकीय) नोंद करा. वळांचे फोटो चेहऱ्यासकट, तारीख दिसेल असे काढा. फाटलेला शर्ट धुवू नका.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवा, असा अर्ज दोन-तीन दिवसांतच द्या. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रीकरण साठवण्याचे आदेश दिलेत. उशीर झाला की चित्रीकरण पुसलं गेल्याचं उत्तर येतं.

येळ्ळूरला जुलै 2014 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेला गावचा फलक काढल्यानंतर पोलिसांनी घरात घुसून मारल्याचे आरोप झाले, देशभर ते व्हिडिओ दिसले. गावकऱ्यांवरचे खटले मात्र वर्षानुवर्षं चालले. व्हिडिओ लोकांना दिसला म्हणून तो पुरावा झाला असं नाही. मूळ फोन, मूळ फाईल, काढणाऱ्याचं नाव, हे सगळं जपावं लागतं.

8. तक्रार कुठे करायची

आधी वरिष्ठांकडे: शहरात पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात एसपी. ठाण्यात तुमची फिर्याद घेत नसतील तरी हाच रस्ता, कलम 173(4) प्रमाणे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी न्यायालय.

कर्नाटक राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय आयोगाकडे मराठीत लिहिता येतं. घटनेपासून एका वर्षाच्या आत करा आणि दोन्हीकडे एकदम करू नका, एकाने दखल घेतली की दुसरा हात काढून घेतो. पोलिसांविरुद्ध राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणंही आहेत. लाच मागितली असेल तर लोकायुक्त, त्यांच्याकडे ठरलेल्या नमुन्यात आणि प्रतिज्ञापत्रासह जावं लागतं. मराठीत कागद न मिळण्याची गाऱ्हाणी भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे, घटनेच्या कलम 350-ब खाली.

9. माहितीचा अधिकार

यात एक खड्डा आहे आणि आपली बरीच माणसं त्यात पडतात. या कायद्याखालचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. मराठी अर्ज इथे फेटाळला जाऊ शकतो. हिंदीत लिहा. कर्नाटकात आणखी एक नियम आहे: एका अर्जात एकच विषय आणि शब्द 150 पर्यंत. सगळी कहाणी एका अर्जात घातली की तो परत येतो. शुल्क 10 रुपये.

मागायचं काय? जमावबंदी आदेशाची प्रत आणि ज्या अहवालावर तो काढला तो अहवाल. तुमच्या बाँड प्रकरणातला पोलीस अहवाल. स्टेशन डायरीतली त्या दिवसाची नोंद. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज. उत्तर 30 दिवसांत, माणूस कोठडीत असेल तर 48 तासांत. नाहीच आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, मग 90 दिवसांत माहिती आयोगाकडे. आयोगाचं पीठ बेळगावातही बसतं.

10. जमिनीची नोटीस असेल तर

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-अ ची अधिसूचना राजपत्रात येते. त्या तारखेपासून हरकतीला फक्त 21 दिवस असतात. घरी पत्र येईल म्हणून थांबू नका, ते येण्याआधीच दिवस संपलेले असतात. वृत्तपत्रातली जाहिरात, तलाठ्याकडची यादी, सर्व्हे नंबर, दर आठवड्याला बघा. आरटीसीवर वारसांची नावं लागलेली नसतील तर आजच अर्ज द्या. वडील जाऊन दहा वर्षं झाली आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर, अशी घरं हरकतीलाही मुकतात आणि भरपाईलाही.

हरकत प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सर्व्हे नंबरासह द्यावी. शंभर सह्यांचं एकच निवेदन जोर दाखवायला चांगलं, सुनावणीत मात्र तुमच्या विहिरीची, बोअरची, भाताच्या पिकाची नोंद त्यात नसते. ताबा मागणारी नोटीस आली तर तिच्यात 60 दिवसांची मुदत आहे का आणि भरपाईची रक्कम जमा झाली आहे का, ते तपासा. पैसे जमा झालेले नसताना शेतात यंत्र आलं तर उभ्या पिकाचे फोटो काढा, कोणत्या आदेशाने आलात ते लेखी मागा आणि त्याच दिवशी वकिलाला धारवाडला पाठवा.